कोबीवरचं तीर्थ

निवृत्तीबाबांनी कडुलिंबाच्या डहाळीनं तीर्थ शिंपडलं आणि खंडेरावच्या कोबीवरचा मावा गळून पडला. गर्दीनं हात जोडले. बाबा म्हणाले, ही जीवहत्या नाही, मुक्ती आहे. बांधापलीकडून पाहणाऱ्या गोजराबाईच्या मनात आलं, किड्यांच्याही मोक्षाची सोय झाली म्हणायची.

बाबांनी बाटली दिली एकच आणि कोबी होता एकरभर. पण गंगाजळात कितीही पाणी घातलं तरी ते गंगाजळच राहतं, हे कोणाला ठाऊक नाही? खंडेरावनं बाटली पिंपात ओतली, वर विहिरीचं पाणी घातलं आणि सगळं शेत भक्तिभावानं फवारून काढलं.

पंधरा दिवसांत मावा दुपटीनं वाढला. बाबांनी डोळे मिटून निदान केलं: शेजारणीची करणी. गोजराबाईनं तीर्थ घेतलं नव्हतं, तरी तिचा कोबी बरा होता. आणखी पुरावा कशाला हवा? तिचा माल वाडीच्या टेम्पोत चढवायचा नाही, असं ठरलं. नाशिकच्या बाजारात माल गेला नाही तर त्या एकट्या बाईची चूल पेटणार नव्हती. ती घाबरली, पण त्याहून जास्त चिडली.

तीर्थात गूळ असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी बाबांच्या तांब्याभोवती मुंग्या मरून पडलेल्या तिनं पाहिल्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मंजुषाताईंना तिनं ते सांगितलं.

ताईंनी कोबीची तीन रोपं कुंड्यांत लावली, प्रत्येकावर माव्याचे दहा-दहा किडे सोडले आणि जाळी बांधली. एकावर साधं पाणी, दुसऱ्यावर बाबांकडून मागून आणलेल्या नव्या बाटलीतलं तीर्थ, तिसऱ्यावर खंडेरावच्या पिंपात उरलेलं. आठव्या दिवशी देवळापुढे खंडेरावलाच मोजायला बसवलं. साध्या पाण्यावर साठ निघाले. बाटलीच्या तीर्थावर एकही जिवंत नव्हता. पिंपातल्या पाण्यावर एकशे दहा.

"यात कीटकनाशक आहे," ताई म्हणाल्या. "पुरेसं पडलं तर मावा मरतो. अगदीच थोडं पडलं तर तो जगतो आणि कधीकधी जास्तच पिल्लं घालतो. वर त्याला खाणारे ढालकिडेही मरतात. करणी म्हणाल तर ती तुमच्या पिंपानं केली."

बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडली. गोजराबाईनं बाटली पुढे धरली.

"तीर्थच हाय ना बाबा? मंग घ्या घोटभर."

बाबांना हरसूलचं तातडीचं काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत तिचा कोबी चढला. माफी मात्र कोणी मागितली नाही. बाटलीत काय आहे आणि ते किती पडलं, हे विचारायला पदवी लागत नाही. शेजारणीला चेटकीण ठरवण्याआधी एवढं तरी विचारायला हवं.