आठव्यातली शीव

आमच्या घरात शहाणपण सगळं सासूकडं, म्हंजे आत्याबाईंकडं, आनि राबणं आमा दोघी जावांकडं. धाकटी जाऊ वैष्णवी पहिलटकरीण, त्यात बीपीनं गांजलेली. सातव्यात पौडच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं, बाळ लई बारीक हाय, पंधरा दिसांनी परत आणा, वाढतंय का न्हाई ते बघायला पायजे.

तवर आठवा लागला. आत्याबाई म्हणाल्या, आठव्यात गरवार बाईनं गावाची शीव ओलांडायची न्हाई, नववा लागला की नेऊ. वर आनि बारीक पोर सुखानं सुटतं, हेबी ऐकवलं. वैष्णवीचा नवरा इंद्रजित हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो. एवढं जग बघतो, पन आईपुढं त्याची दातखीळ बसती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याबाई भजनाला गेल्या तशी वैष्णवीला स्कुटीवर बसवलं नि निघाले. शिवेवर ती रडत थांबा म्हणाली. मी थांबले न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. बाळ हुतं तेवढंच हुतं, तसूभर वाढलं नव्हतं. नाळेतनं त्याला रक्तच पुरत नव्हतं. पोटात ठिवलं तर जाईल, आत्ताच पुण्याला न्या म्हणाल्या. त्याच दिवशी पोट चिरून पोरगी काढली. मूठभर जीव, काचेच्या पेटीत ठिवला. पन जगली!

तर गावात काय उठलं? रजनीनं आठव्यात शीव ओलांडायला लावली, म्हणून पोर अशी किडमिडी झाली. आत्याबाई दारोदार हेच सांगत फिरल्या. वाढ आदीच थांबली हुती, मी सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. आत्याबाईंचं मला काय वाटलं न्हाई, त्या तशाच हायेत.

पोर घरी आल्यावर बारसं केलं. तिला घ्यायला मी हात पुढं केले. वैष्णवीनं पोर पदराखाली ओढली. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

"ताई, आठवा सरंस्तोवर दम धरला असता, तर माझी पोर चांगली भरली असती," म्हणाली.

भरली नसती गं, पुरावी लागली असती. व्हटावर आलं हुतं. पाळण्यापुढं असलं बोलू नये म्हणून गिळलं, नि घुगऱ्या वाटायला उठले.