याकोब मास्तरांचा डावा हात

बशीतला चहा अँड्र्यूच्या तोंडापर्यंत गेलाच नाही. अर्ध्या वाटेत हात थांबला, बशी कलंडली आणि सगळा चहा धुतलेल्या पायजम्यावर सांडला. भाजलं तरी गडी जागचा हलला नाही.

"काय लावलंयस ते? बंद कर! नको, बंद नको करू. परत लाव, पहिल्यापासून!"

प्रार्थना, त्याची लेक, नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आली होती. स्वयंपाकघरात करंज्या भरत बसली होती आणि शेजारी तिचा वाटीएवढा स्पीकर वाजत होता. तिने पिठाच्या बोटाने मोबाईलवर गाणं मागे नेलं. आधी नुसता ठेका आला. डूम डुक डुडुक, डूम डुक डुडुक. मग कुणी परका बाप्या भरभर काहीतरी गाऊ लागला.

"हा दादांचा ठेका आहे," अँड्र्यू म्हणाला. आवाज असा, की जणू मेलेला बाप दारातून आत आला.

आता याकोब ठेका म्हणजे काय, ते सांगायला हवं. घोडेगावच्या बाजारापासून चार किलोमीटरवर हे गाव. तिथल्या चर्चमध्ये शहाऐंशी सालच्या नाताळला याकोब साळवे मास्तरांनी एक नवा ठेका वाजवला. मास्तरांची बहीण मस्कतला नर्स होती, तिने हातभर लांबीचा कीबोर्ड आणून दिला होता. तोवर पेटी आणि ढोलकीवर गाणी म्हणणारी मंडळी तो ठेका ऐकून बसल्या जागी डोलायला लागली. तेव्हाचे म्हातारे पास्टर तर डोळे पुसत म्हणाले, देवाने या माणसाच्या बोटांत काहीतरी ठेवलंय. तेव्हापासून पाथर्डी, श्रीगोंद्यापर्यंतची माणसं नाताळला हा ठेका ऐकायला जीप करून यायची. मास्तर जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ठेका बंद होता. यंदा ठेक्याचा चाळिसावा नाताळ, म्हणून पंचकमिटीने संगमरवरी फरशी कोरून घेतली होती. 'याकोब ठेक्याचे जनक, कै. याकोब मास्तर साळवे.' नाताळच्या सकाळी ती बसवायची, आणि तिच्यासमोर ठेका कुणी वाजवायचा? तर मुलाने. अँड्र्यूने.

इथंच गाडं अडलं होतं. अँड्र्यू साखर कारखान्याच्या गेटवर बसून उसाच्या गाड्यांची नोंद करणारा माणूस. त्याने चौदाव्या वर्षी कीबोर्ड सोडला तो सोडलाच. कमिटीला तीनदा नाही म्हणाला. चौथ्यांदा पास्टर स्वतः घरी आले, तेव्हा मान खाली घालून हो म्हणाला.

"चोर साले!" तो आता ओरडला. "कुठले आहेत हे?"

"जमैकाचे."

"आपल्या दादांचा ठेका जमैकाला गेलाच कसा? कुणी नेला?"

तेवढ्यात पुढचं गाणं लागलं. गाणारी बाई वेगळी, शब्द वेगळे, खाली ठेका तोच. त्याच्या पुढचं लागलं, तिथेही तोच. अँड्र्यूने कपाळावर हात मारला.

"एकाने चोरला तर समजू शकतो गं! अख्ख्या गावाने चोरला?"

प्रार्थनाला आधी हसू आलं. बापाचा चेहरा बघितला आणि ते आतल्या आत गिळून टाकलं. "पप्पा, याला डिजिटल डान्सहॉल म्हणतात. ज्याला हे संगीत समजून घ्यायचंय त्याने आधी कोणती गाणी ऐकायची, त्याची यादी आहे ही. तिकडे एक ठेका निघाला की सगळे गायक त्यावर आपापलं गाणं म्हणतात. एका ठेक्यावर शंभर-शंभर गाणी. कुणी चोर म्हणत नाही."

"म्हणजे आपल्याकडे एका चालीवर दहा गाणी असतात तसं?"

"तसंच."

"असू दे. पण मूळ ठेका कुणाचा? साल बघ त्याचं."

तिने बघितलं, आणि मोबाईल मागे घेतला. अँड्र्यूने मोबाईल हिसकावून घेतला. पंच्याऐंशी. मास्तरांच्या ठेक्याच्या एक वर्ष आधी.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते अँड्र्यूला त्या दिवशी कळलं. म्हणजे चोर ते नव्हते. चोर आपला बाप! पण चोरणार कसा? शहाऐंशी साली या गावात रेडिओ धड लागत नव्हता. मास्तर आयुष्यात पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते. मराठी शाळेत पाढे शिकवणाऱ्या माणसाने जमैकाचं गाणं ऐकलं कुठे?

"पप्पा," प्रार्थना हळूच म्हणाली, "तिकडे हा ठेका कुणी हातानं वाजवला नव्हता. एक छोटा कीबोर्ड होता. कंपनीने त्यात तयार ठेके भरून ठेवले होते. त्यांनी बटण दाबलं, जरा संथ केलं आणि वर गायले."

अँड्र्यू उठला. पायजमा तसाच ओला.

आतल्या खोलीत मार्था, त्याची आई, बाजेवर लसूण सोलत बसली होती. बाजेखाली लोखंडी ट्रंक होती. अँड्र्यूने ती ओढली, टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड काढला आणि जुने सेल काढून टीव्हीच्या रिमोटमधले, घड्याळातले असे जमवून घातले. आई बघत होती. 

कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात एका बटणावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली होती. ती पट्टी लहानपणापासून त्याच्या ओळखीची. दादा म्हणायचे, बटण मोडलंय, हात लावू नको, शॉक बसेल. अँड्र्यूने पन्नाशीला टेकल्यावरही पट्टी काढताना एक क्षण बोट मागे घेतलं. मग नखाने ती खरवडली आणि बटण दाबलं.

डूम डुक डुडुक. डूम डुक डुडुक.

कीबोर्ड बाजेवर एकटाच वाजत होता. त्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता. शॉक बसायचा तो बसलाच.

"आई!"

मार्थाने लसणाची परडी बाजूला ठेवली. "बंद कर ते."

"तुला माहीत होतं?"

"मी त्यांची बायको हाय." ती म्हणाली, "पैल्या नाताळाला त्यांनी बटन दाबलं अन् वरून गान्याची चाल वाजवली, एवढंच. फसवायचं मनात न्हवतं रे. पन पास्टरसाहेब रडाय लागले. लोकांनी खांद्यावर घेतलं. घरी येऊन मला म्हनले, पुढच्या रविवारी सांगतो. मंग त्याच्या पुढच्या. सांगायचं राहून गेलं, अन् पुढं सांगायची सोय राह्यली न्हाई. मंग ती पट्टी लावली."

"आणि मी?" अँड्र्यूचा आवाज चिरकला. "दोन वर्षं दर शनिवारी मी याच कीबोर्डवर डाव्या हाताने तो ठेका बसवत होतो! बोटं सुजायची माझी. दादा म्हणायचे, हात बसला नाही. चौदा वर्षांचा होतो तेव्हा त्यांनी कीबोर्ड माझ्या पुढून उचलला आणि म्हणाले, हे तुझं काम नाही, अभ्यास कर. मी कशाशी झगडत होतो, आई? बटणाशी?"

मार्थाने बाजेवरची लसणाची टरफलं गोळा केली. बोलली तेव्हा लेकाकडे बघितलं नाही.

"त्या दिवशी तुझा हात बसला हुता."

"काय?"

"बरोब्बर वाजवलास तू. मी चुलीपाशी हुते, मला वाटलं बटनच लावलंय. ते दारात उभं राहून ऐकत हुते. त्यांचा चेहरा मी बघितला. उद्या हे पोरगं चर्चमधी वाजवाय लागलं तर लोक इचारतील, याचा हात एवढा नाचतोय, मंग मास्तरचा का नाचत न्हाई? म्हनून उचललं. अन् मागल्या दारी जाऊन रडले. लई रडले."

 चौतीस वर्षं त्याला वाटत आलं होतं, की आपल्या हातात काही नाही. कारखान्याच्या गेटवर बसताना वाटलं, नाताळला मागच्या रांगेत बसताना वाटलं. आणि ते जमलं होतं! त्याला बापाचा असा राग आला, की फरशी फोडून टाकावी. दुसऱ्या क्षणी मागल्या दारी रडणारा बाप डोळ्यांसमोर आला, आणि राग कुठे ठेवावा तेच कळेना.

"पप्पा," दारातून प्रार्थना म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. नाताळला बटण दाबा आणि मोकळे व्हा. कुणाला कळणार आहे?"

"तुझं तू बघ," मार्था म्हणाली आणि पुन्हा लसूण घेतला.

पुढचे दोन दिवस अँड्र्यूने कारखान्यात रजा टाकली. मागच्या खोलीचं दार लावून तो कीबोर्ड घेऊन बसायचा. बोटं लाकडासारखी झालेली. अंगठा वेळेवर जाईना, करंगळी ऐकेना. नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत चारदा वाजवलं की एकदा जमत होतं.

नाताळच्या सकाळी चर्च खचाखच भरलेलं. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, पहिल्यापासूनची पद्धत. मधोमध पुढे स्टुलावर कीबोर्ड. वाजवणाऱ्याने वेदीकडे तोंड करून बसायचं. मास्तर तसेच बसायचे. उजवा हात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर पळायचा आणि डावा खांदा ठेक्यात हलायचा. पुरुष म्हणायचे, ठेका म्हणजे मास्तरांच्या डाव्या हातचा मळ!

अँड्र्यू बसला. बटणावर त्याने नवी चिकटपट्टी लावून आणली होती. त्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं. दाबलं की संपलं. बापाचं नाव राहील, आपली अब्रू राहील. मागे तीनशे माणसं श्वास रोखून बसलेली. 

त्याने बोट काढलं आणि डावा हात पट्ट्यांवर टाकला.

पहिल्या फेरीत करंगळी चुकली. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. दुसरी फेरी धडपडत गेली. तिसऱ्या फेरीला हात बसला. डूम डुक डुडुक, डूम डुक डुडुक. बटणासारखा नव्हताच तो, किंचित लंगडत होता. पण बायकांच्या बाजूने टाळी सुरू झाली, प्रार्थनाने गाणं उचललं आणि बघता बघता सगळं चर्च गाऊ लागलं. शर्ट भिजून पाठीला चिकटला होता, तरी अँड्र्यूला थांबावंसं वाटेना.

गाणं संपलं. पास्टर कपड्याने झाकलेल्या फरशीकडे वळले तसा अँड्र्यू उठून उभा राहिला. आता बोलायचं, नाहीतर आपणही पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत बसू.

"मंडळी, फरशी उघडायच्या आधी मला दादांबद्दल एक गोष्ट सांगायचीय. तो ठेका..."

"बस खाली, अँड्र्यू."

बायकांच्या पहिल्या सतरंजीवरून बायडाबाई बोलली. वय ऐंशीच्या पुढे, मास्तरांच्या पहिल्या नाताळलाही ती याच जागेवर बसलेली. "सांगायचं कुनाला? त्या बाप्यांना? त्यांना उजवा हात दिसायचा. आमी बायका डाव्या अंगाला बसतो बाबा. मास्तरचा डावा हात एवढी वर्सं मांडीवर बघितलाय आमी."

 पुरुष तोंडं उघडी टाकून बायकांच्या बाजूला बघत होते. अँड्र्यूही बघत होता. शंभर-सव्वाशे बायका, म्हाताऱ्या, सासवा, सुना. एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"सगळ्यांना माहीत होतं?" त्याच्या तोंडून जेमतेम निघालं. "मग कुणी बोललं का नाही?"

"कशाला बोलायचं? मास्तरनं आमच्या पोरींला शाळेत बसवलं. अन् ठेका ऐकला की उठून नाचावं वाटायचं. तेवढं बास हुतं." बायडाबाईने डोळे बारीक करून त्याच्या हाताकडे बघितलं. "पन तिथं हात हालताना आज पैल्यांदा बघितला. लई ग्वाड वाजवलंस."

अँड्र्यूला हुंदका आवरला नाही. भर चर्चमध्ये, तीनशे माणसांदेखत, तो चौदा वर्षांच्या पोरासारखा रडला.  शेवटी पास्टरांनी फरशीवरच्या कपड्याचं टोक पुढे केलं.

अँड्र्यूने ते डाव्या हाताने ओढलं.