पादऱ्याची काळी वेल

शांताबाईनं दिराच्या खांद्यावर वल्हं घातलं तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. खाडीकाठच्या मुर्ध्यात त्या वेळी बायका दारात वाकट्यांची मासळी वाळत घालत असतात. हाड मोडल्याचा आवाज आधी त्यांनीच ऐकला.

दीर, म्हणजे दशरथ, वेलीच्या बुंध्याशी उकिडवा बसून डबा ओतत होता. डबा रॉकेलचा, आत मिठागरातलं पाणी. असलं खारं, की बोट बुडवून उन्हात धरलं तर त्यावर मीठ धरावं. हा पाचवा डबा. आधीचे चार त्यानं गुपचूप जिरवले होते.

"मेल्या, बापाच्या वेलीला मीठ पाजतंस?"

"वेल न्हाय ती, अवदसा हाय," म्हणत दशरथनं धडक्या हातानं कमरेचा कोयता उपसला. शांताबाईनं डावा हात आडवा घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अंगणात पडलं. कोंबडी चोच मारायला धावली. तिला शांताबाईनं लाथ घातली आणि मगच खाली बसली.

आता तुम्ही म्हणाल, एका वेलीपायी दीर-भावजय एकमेकांचं रगत काढतात काय? काढतात हो. वेलही तशीच होती.

दशरथचा बाप लीलाधर तरणाताठा असताना उत्तनच्या पादऱ्याला होडीतून खाडीपार न्यायचा. पादऱ्याच्या बागेत काळी द्राक्षं होती, त्यांची दारू देवळात लागायची. एकदा त्यानं लीलाधरला एक काडी दिली. लीलाधरनं ती खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत खोचली, बोंबलाचा चुरा घातला, आणि ती लागली. द्राक्ष बारीक, साल जाड, बिया दोन-दोन. खायला घ्याल तर तोंड वाकडं होईल. पण बरणीत मुरवलं की तिचा लालभडक रस असा चढायचा, की मुर्ध्यातली हळद त्याच्या घोटाशिवाय लागत नव्हती. पुढं पानांवर भुरीची पांढरी बुरशी पडली, उत्तन, तारोडी, डोंगरीकडच्या साऱ्या वेली गेल्या. 'पादऱ्याची काळी' राहिली ती एकट्या लीलाधरच्या दारात.

मरताना म्हाताऱ्यानं पाच पंचांना बसवून शब्द घेतला. वेल जित्ती आहे तोवर ह्या जमिनीची वाटणी न्हाय. थोरला मुलगा, शांताबाईचा नवरा, दर्यात गेला. मूलबाळ नाही. बाईनं मग जीव लावला तो वेलीलाच.

आणि ब्याण्णव साली मीरा रोडच्या बिल्डरला नेमकी तीच जमीन हवी झाली. वाटणी झाली की दशरथ आपला हिस्सा विकायला मोकळा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा.

त्याच उन्हाळ्यात नारायणगावचे गुणवंतराव, द्राक्षाच्या रोपांचा धंदा करणारे, कुणाकडून तरी ऐकून आले होते. मणी नखानं फोडून बघतच राहिले.

"बाई, लाल रंग नुसता सालीत नाही, गरापर्यंत आहे. तांबड्या वाइनचे दिवस येणार आहेत आपल्याकडं. दसऱ्याला छाटणी करू, काड्या नेतो, शंभर एकर लावतो. पण तोवर जपा. ही एक गेली की जातच गेली."

जपा म्हणणं सोपं. भादव्यात बोटं तुटली, आणि आठ दिवसांत वेलीचा पाला करपला आणि सगळा झडला. शांताबाई हाताला फडकं बांधून बुंध्याशी बसायची आणि रडायची. दशरथला वाटलं, काम झालं. मिठागरात जन्म गेलेला माणूस. मीठ पडलं तिथं गवत न्हाय, हे त्याचं ज्ञान. जी वेल खाऱ्यातच वाढली तिला मिठाचं काय कौतुक, हे त्याच्या टकुऱ्यात शिरलंच नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं पंच बोलावले. एक हात प्लास्टरात, दुसऱ्यात कोयता. बिल्डरचा माणूस पराग स्कूटरला टेकून उभा.

"दशरथभाऊ, शेठ लोक थांबत नाय हां. पेपर रेडी हाय."

"पंढरीबाबा," शांताबाई थोरल्या पंचाला म्हणाली, "उद्या नारायनगावचा मानूस येतंय. त्याला बगू द्या. एक दिस थांबा."

"मेलेल्या लाकराला कसला दिस?" दशरथ बोलला आणि त्यानं पहिला घाव घातला.

शांताबाई झेपावली. दशरथच्या बायकोनं, मंदानं, तिला केसांना धरून मागं ओढलं. शांताबाईनं तिच्या मनगटाचा लचका तोडला. दोघी चिखलात लोळल्या. फडकं सुटलं, जखम फाटली, मंदाचं लुगडं लाल झालं. तिकडं दशरथ वेड्यासारखा छाटत होता. फांदीमागून फांदी, मांडवही खाली आला. पुरुषभर उंचीचा बुंधा आणि चार खुंट उरले, तेव्हा तो धापा टाकत थांबला.

"बगा आता. हाय का जीव?"

 पंढरीनाथ काठी टेकत पुढं गेला. खुंटाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब जमला होता. तो पडला. मागून दुसरा आला. मग चारी खुंट ठिबकायला लागले. म्हाताऱ्यानं तळवा धरला, जिभेला लावला.

"रडतंय रं ती. जित्ती हाय. वाटनी न्हाय."

परागनं स्कूटरला लाथ मारली आणि तो गेला. दशरथ बुंध्याच्या मुळावर धावला. पण त्याच्याबरोबर मिठागरात राबणाऱ्याच चौघांनी त्याला आडवा केला. कोयता काढून घेतला आणि असा तुडवला, की प्लास्टर फुटलं, दोन दात पडले. पंढरीनाथ पुरे म्हणाला तेव्हा ते थांबले, पण सावकाश. मंदा मनगट धरून माहेरी चालती झाली.

माणसं पांगली. शांताबाई तीन बोटांच्या हातानं काड्या वेचायला बसली. नारायणगावचा माणूस उद्या यायचा होता. काड्या तोवर सुकल्या असत्या, तर शंभर एकरही सुकले असते. गावात गोड्या पाण्याचा टँकर दर तिसऱ्या दिवशीच येतो. घरात एकच हंडा भरलेला.

"वयनी," अंगणातून दशरथ कण्हला, "पानी दे गं. जीव जातंय."

तिनं ऐकलं. हंडा घंगाळात ओतला, काड्यांची भारी बुडखा खाली करून त्यात उभी केली, वर ओलं पोतं टाकलं. सगळ्या काड्या भिजल्या का, हात घालून बघितलं. मग हंड्याच्या तळाशी राहिलेलं घोटभर पाणी तांब्यात घेतलं आणि दिराचं डोकं मांडीवर धरून त्याच्या रक्ताळल्या तोंडात घातलं.

"आनखी," तो म्हणाला.

"आनखी न्हाय," शांताबाई म्हणाली. "काड्यांना लागंल."