घराण्यातले घोडे

आमच्या श्रीकांतची एक खोड मला मुळीच खपत नाही. प्रश्न मला विचारतो आणि उत्तर फोनकडून घेतो. मी तोंड उघडेपर्यंत याचा अंगठा फिरतो, आणि मग मलाच वाचून दाखवतो, जसं काही मी आजच जन्माला आले.

"आई, घोडा उभ्यानं झोपतो, माहीत आहे का?" हे मागे एकदा जेवताना.

"डुलकी उभ्यानं काढतो," मी म्हटलं. "पुरती झोप हवी तर आडवाच होतो. तेसुद्धा जवळ भरवशाचं कोणी असेल तर."

"थांब, इथे दिलंय," म्हणाला, आणि माझंच बोलणं मला इंग्रजीत ऐकवलं. मग घोड्याला उलटी होत नाही हे वाचलं. आमची घोडी चंद्री पोटशूळानं तळमळत गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हा मला सांगतो घोड्याला उलटी होत नाही!

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. बत्तीस वर्षं. चौथीत माझी शाळा सुटली ती चंद्रीच्या वैरणीपायी. खरारा मी करायची, खूर मी धुवायची. अण्णांचा एक नेम होता. सकाळी टांगा जुंपायच्या आधी बिडी पेटवायची आणि ती संपेपर्यंत घोडीकडे नुसतं बघायचं. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. "बिडीभर बघितलं की जनावर सगळं सांगतं," म्हणायचे. एखाद्या दिवशी बिडी विझवून टांगा तसाच उभा ठेवायचे. त्या दिवशी आम्ही भाकरी आमटीत बुडवून नाही, पाण्यात बुडवून खायचो. पण दुखरी घोडी त्यांनी कधी जुंपली नाही.

आता श्रीकांत बँकेत मोठा साहेब. बदली होऊन कोलकात्याला आला, सॉल्ट लेकला घर मिळालं. त्याच्या वरचे साहेब लाहिडी. त्यांना शर्यतीचा भारी नाद. दर शनिवारी रेसकोर्सवर, गळ्यात दुर्बीण. त्यांची मुलगी घोडा शिकते म्हटल्यावर आमच्या सानिकालाही मैदानाजवळच्या एका क्लासला घातलं. अकरा वर्षांची पोर. तिला चित्रं काढायला आवडतात, पण विचारतो कोण! आणि लाहिडीसाहेबांना यानं सांगून ठेवलं, "आमच्या आईकडच्या घराण्यात घोडे होते."

घोडे होते म्हणे. एक घोडी होती, आणि तिच्यामागे टांगा होता.

मला घरी बजावून झालं. "आई, तिथे टांग्याचं काढू नकोस. त्यांना वेगळं वाटेल." सूनबाई केतकी पोळ्या लाटत होती, तिनं नुसतं वर पाहिलं. मी म्हटलं, "काय वेगळं? टांग्याला चाकं असतात हे?" तो उठून गेला.

गेल्या रविवारी त्या क्लासच्या पोरांनी आईबापांसमोर घोडे फिरवून दाखवायचे होते. कडाक्याची थंडी, धुकं नुकतं वर सरकत होतं. केतकीची परीक्षेची ड्यूटी होती म्हणून आम्ही तिघंच गेलो. लाहिडीसाहेब खुर्चीवर शाल पांघरून बसलेले. श्रीकांत त्यांच्या शेजारी, पोट आत घेऊन.

सानिकाच्या वाट्याला आला तो घोडा तांबडा, उंच, रेसमधून काढलेला. नाव रॉयल टॉफी. घोड्याचं नाव की लिमलेटच्या गोळीचं! श्रीकांत साहेबांना सांगत होता, "चार रेस जिंकलेला आहे, सर." चार जिंकला म्हणून तर आज पोरांना पाठीवर घेऊन गोल गोल फिरतोय. शर्यत सुटल्यावर घोड्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न कधी फोनला विचारलेला मी ऐकला नाही.

मी कठड्याशी उभी राहिले. बिडी काही मी ओढत नाही. सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि बघायला लागले.

घोड्यानं डावा पुढचा पाय पुढे टाकलेला. टाच जेमतेम टेकलेली. थोड्या वेळानं पाय ओढून घेतला, भार दिला, आणि परत पुढे टाकला. डोळ्यांवर सुरकुती. तोबऱ्यात दाणा होता, तोंड लावलेलं नव्हतं. खुराकडे बघितलं तर नाल नवी कोरी, चकाकत होती.

सुपारी अर्धीसुद्धा झाली नव्हती. मी श्रीकांतला हाक मारली. "अरे, हा घोडा दुखरा आहे. पोरीला बसवू नकोस."

तो आला, पण डोळे फोनवर. "आई, घोडे एक पाय सैल सोडून विश्रांती घेतात. हे बघ, लिहिलंय."

"मागचा! मागचा पाय सैल सोडला तर आराम. पुढचा असा पुढे टाकला तर दुखणं. कुठला पाय ते लिहिलंय का तुझ्या फोनात?"

"हळू बोल. साहेब ऐकतायत."

शिकवणारा मास्तर उंच बूट वाजवत आला. मी माझ्या हिंदीत त्याला सांगितलं. तो हसला. "माताजी, आलसी है. नाटक करता है."

घोडा नाटक करतो! नाटक करायला त्याला कोणता साहेब खूश करायचाय?

मागे घोड्याची निगा राखणारा सईस उभा होता, शिवपूजन नावाचा, बिहारकडचा वयस्क माणूस. तो जमिनीकडे बघत होता. तेव्हाच मला कळलं, यालाही ठाऊक आहे.

सानिकाला वर बसवलं. तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ घट्ट मिटून. मास्तरनं चाबूक नुसता हलवला आणि घोडा दुडक्या चालीनं निघाला. डावा पाय टेकला की मान वर, डावा टेकला की मान वर. आंधळ्यालाही टापांवरून कळावं. आणि पुढे आडवा बांबू ठेवलेला, त्यावरून उडी घ्यायची होती. उडी मारून तो उतरणार कशावर? त्याच पायावर.

मी कठड्याची दोरी उचलली आणि आत शिरले. नऊवारीचा कासोटा होता म्हणून बरं. मागून श्रीकांत "आई! आई!" करत होता. मी घोड्यासमोर सरळ गेले नाही, बाजूनं गेले, "होऽ होऽ" करत, आणि लगाम धरला. घोडा थांबला. त्याला थांबायचंच होतं.

"उतर गं," मी सानिकाला म्हटलं. ती क्षणात खाली.

मास्तर ओरडायला लागला. लाहिडीसाहेब शाल सावरत आले. "माशिमा," मावशीला बंगालीत म्हणतात तसं म्हणाले, "आपको कैसे पता?"

श्रीकांतनं मला बोलूच दिलं नाही. "सर, मैंने बताया था ना, घराने में घोड़े..."

"मेरे पिताजी मिरज स्टेशन पे टांगा चलाते थे," मी म्हटलं. "बत्तीस साल. इधर हाथ लगाके देखो."

कोणी हात लावेना. मग शिवपूजन पुढे झाला. पाय उचलून गुडघ्यावर घेतला, खुरावर तळवा ठेवला. "आग है, साहब," म्हणाला. "हम सबेरे भी बोले थे." चिमट्यानं एकेक खिळा दाबत गेला. तिसऱ्या खिळ्याला घोड्यानं असा पाय हिसडला की शिवपूजन मागे बसला. तो खिळा उपसला तेव्हा भोकातून काळं पाणी आलं. नाल ठोकताना खिळा आतल्या मांसात गेला होता.

लाहिडीसाहेब एकदा खुराकडे, एकदा श्रीकांतकडे बघत होते. "अच्छा," म्हणाले. "टांगा." बस, एवढंच. श्रीकांत आपल्या बुटांकडे बघत राहिला.

पदराला खजुराच्या गुळाचा खडा बांधून आणला होता, तो मी सानिकाच्या तळहातावर ठेवला. घोड्यानं तो अलगद उचलला. आल्यापासून पोर पहिल्यांदा हसली.

फाटकाबाहेर टॅक्सीची वाट बघत आम्ही उभे. मला वाटलं, आता तरी पोरीला जवळ घेईल, लागलं का विचारेल. तर म्हणतो कसा, "आई, घोडा दुखरा आहे एवढं सांगायचं. टांग्याचं काढायची काय गरज होती?"

मी तोंडातली सुपारी बाजूला थुंकून टाकली.

"श्रीकांत, त्या मुक्या जनावरानं आपला दुखरा पाय चारचौघांत पुढे टाकला, आणि तू सख्खा आजोबा लपवतोस. ही पडली असती तर घराण्यातले घोडे येणार होते का उचलायला? आता ऐक. पुढच्या रविवारी हिला यायचं असेल तर मी आणीन, नसेल तर घरी चित्रं काढेल. तुला यायचं असेल तर फोन घरी ठेवून ये, आणि सुपारी संपेपर्यंत तोंड मिटून आधी पोरीकडे बघ, मग घोड्याकडे. तोवर साहेबांना एवढंच सांग, की तुला घोड्यातलं काही कळत नाही. तेवढं एक तरी खरं बोलशील."