देवाला मुदत नसते

मारहाणीच्या खटल्यात हरिश्चंद्राला तीन महिन्यांची कैद झाली. सेशन कोर्टात अपील करायला तीस दिवस होते. मी त्याची वकील. फोन करून करून माझा घसा बसला. त्याचं एकच, "देवाचो कौल मिळाल्याशिवाय सही करूचंय नाय, वकीलबाई."

गावच्या देवळात देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण कौल मागायचा तो घरातल्या थोरल्यानं. आणि हरिश्चंद्राचा थोरला भाऊ म्हणजे सत्यवान. काजूच्या कुंपणावरून हरिश्चंद्रानं ज्याचं डोकं फोडलं, तो फिर्यादी हाच. वर्षभर दोघांत शब्द नव्हता.

तिसाव्या दिवशी दुपारी मी कोर्टात बिनसहीचे कागद घेऊन धुसफुसत बसले होते. तेवढ्यात एकाच स्कूटरवरून दोघे उतरले. चालवत होता सत्यवान.

"कौल मिळालो," असं म्हणत हरिश्चंद्रानं सह्या केल्या. त्याला यथेच्छ झापून मी स्टॅम्प आणायला पिटाळलं आणि सत्यवानाकडे वळले.

"फिर्याद तुमची आणि कौल मागायला तुम्हीच बसलात?"

कपाळावरची खूण चोळत तो म्हणाला, "सकाळी बसलंय. तीनदा डावोच पडलो."

"मग?"

"मगे देवाक सांगलंय, तुका मुदत नाय, पण ह्येका आजचोच दिवस आसा. उजवो पडलो तेवाच उठलंय."