श्वेताच्या पासपोर्टवरचं कुंकू

आमच्या मंडळाची स्थापना कबड्डीसाठी झाली, वाढ गणपतीमुळे झाली आणि नाव झालं ते पोरींच्या फुटबॉलमुळे. या तिसऱ्या गोष्टीचं श्रेय घ्यायला बरीच माणसं होती. फक्त ती मैदानावर फारशी दिसत नसत. त्यांतलाच एक मी. गिरिधर, मंडळाचा सचिव, सदर भागातल्या एका विमा कार्यालयात अधिकारी. ऑफसाइड म्हणजे काय हे मला आतापर्यंत चार जणांनी समजावलं आहे. चारही वेळा मी 'अच्छा, अच्छा' म्हणालो.

यंदा शेजारच्या देशांतल्या महिला क्लबांची स्पर्धा कोलंबोत भरणार होती. नेपाळचा एक क्लब, बांगलादेशचा एक, यजमान श्रीलंकेचे दोन, भूतानचा एक, आणि भारतातून आम्ही. हे कसं घडलं ते आमच्या कार्यकारिणीला नीट कळलं नव्हतं. कामिनी कोचला कळलं होतं. इंदूरच्या पात्रता फेरीत श्वेतानं दोन पेनल्टी अडवल्या, म्हणून घडलं.

श्वेता आमची गोलकीपर आणि कप्तान. वय एकोणीस. राहायला कोराडीला. तिचे वडील चंपतराव मूळचे सावनेरकडचे. शेती भावाच्या हवाली करून ते वीज केंद्रातली राख वाहणाऱ्या ठेकेदाराकडे लागले होते. पोरीच्या पासपोर्टासाठी त्यांनी पाच खाडे केले. दाखल्यावर आईचं नाव प्रेमिला आणि आधारवर प्रमिला, या एका फरकासाठी त्यांतले तीन गेले.

राखीव गोलकीपर म्हणजे माझी मुलगी गार्गी. राखीव हा शब्द गार्गीनं स्वीकारला होता. तिच्या आईनं, अस्मितानं, स्वीकारला नव्हता.

सगळ्या पोरींचे पासपोर्ट माझ्या कपाटात होते. पोरी पासपोर्ट हरवतात, असं मीच सभेत म्हणालो होतो.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, सकाळी सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषणं. शाल-नारळ झाल्यावर कामिनी पोरींना सरावाला घेऊन गेली, भाषणं आम्हीच ऐकली. आमचे अध्यक्ष विक्रमभाऊ यांचा ट्रकांचा धंदा आहे. ऐनवेळी त्यांच्या मनात आलं की पासपोर्टांची पूजा करावी.

"दसऱ्याले आपण ट्रक पूजतो, वजनकाटा पूजतो," ते माईकवर म्हणाले. "मंग पोरी ज्याच्या भरवशावर परदेशात चालल्या, त्याले कुंकू काहून नाही?"

सभागृहात कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण ताट माझ्या हातात होतं.

मी पासपोर्टांची चळत ताटात मांडली. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर म्हणाला, "सर, बंद पुस्तकं कायले छापू? एखादं उघडा ना. पोरीचं तोंड तं दिसू द्या."

सगळ्यात वर कप्तानाचा होता. मी तो फोटोच्या पानाशी उघडला, अनामिका ओल्या कुंकवात बुडवली आणि श्वेताच्या फोटोच्या कपाळाला टिळा लावला. वर अक्षता. फोटो निघाला. मग पासपोर्ट मिटला, चळतीच्या तळाशी सरकवला आणि वर नारळ ठेवला. हे सगळं मी मनातल्या मनात हसत केलं. श्रद्धेनं केलं असतं तर कदाचित बोट थोडं जपून बुडवलं असतं.

संध्याकाळी घरी पासपोर्ट मोजायला घेतले. श्वेताचा उघडला. टिळा कपाळावर राहिला नव्हता. नाक, हनुवटी, जन्मतारीख असा उतरत तो पानाच्या तळाच्या, मशीन वाचतं त्या ओळींपर्यंत गेला होता. रुमालानं पुसलं, तर पान गुलाबी झालं. सुशिक्षित माणूस अशा वेळी शास्त्राकडे वळतो. मी गार्गीच्या टेबलावरची नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली उचलली.

लाल रंग गेला. त्याच्याबरोबर जन्मसालातले दोन आकडेही गेले. वरच्या प्लास्टिकला फोड आले आणि एक कोपरा उचकटला.

गार्गी दारात येऊन उभी राहिली. "बाबा, माझ्या रिमूव्हरचा वास येतोय."

"शर्टावर शाईचा डाग होता," मी म्हणालो.

तिनं शर्टाकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग बाटली घेऊन गेली.

कामिनीला फोन करावा असं मला वाटलं. फोन हातात घेतलाही. पण काय सांगायचं, याचं वाक्य जुळेना. मी पासपोर्ट चळतीत मध्ये सरकवला. जणू मध्ये असला की तो कुणी उघडणार नव्हतं.

सोमवारी विमानतळावर मी रांगेतच पोरींना एकेक पासपोर्ट वाटला. श्वेतानं आपला न उघडता काउंटरवर दिला. तिथल्या मुलीनं तो मशीनवर तीनदा ठेवला, मग नखानं कोपरा उचलून पाहिला आणि वरिष्ठांना बोलावलं.

"लॅमिनेशन निघालंय," ते म्हणाले. "आकडे पुसलेत. ही छेडछाड दिसते. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात होता?"

छेडछाड हा शब्द मी आमच्या कार्यालयात दुसऱ्यांच्या कागदांबद्दल पुष्कळदा वापरला आहे. आपल्याबद्दल ऐकताना तो फार वेगळा लागतो. मला निवृत्तीला सहा वर्षं होती. मागे एकसारख्या ट्रॅकसुटातल्या सतरा पोरी होत्या.

"काल घरी नेला होता त्यांनी," मी म्हणालो. "घरच्यांनी पूजा केली असेल. साधी माणसं आहेत."

पेनल्टीच्या वेळी श्वेता मारणाऱ्याच्या पायांकडे बघते, डोळ्यांकडे नाही, असं कामिनी सांगते. त्या क्षणी तिनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

वरिष्ठ आम्हाला घेऊन प्रवेशदाराशी आले. बाहेर चंपतराव इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. वरिष्ठांनी विचारलं, "काल पासपोर्ट तुमच्या घरी होता? त्यावर कुंकू तुम्ही लावलं?"

चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. एक पळभरच. मग हात जोडले.

"हो जी. माह्या घरीच झालं. बायकोनं लावलं असंन. चूक झाली."

"बाबा," श्वेता म्हणाली.

"तू गप राय वं."

श्वेताला विमानात बसता येणार नाही, हे सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली. कामिनीला निर्णय घ्यायला एक. "सर, तुम्ही मागं थांबा. तत्काळमधी नवीन पासपोर्ट काढा अन् शनिवारच्या मॅचले हिले घेऊन या. बुधवारची मी गार्गीवर भागवते." गटात दोनच सामने होते, बुधवारी आणि शनिवारी. दोन्ही हरलो तर संपलं.

पोरी आत गेल्या. गार्गीनं मागे वळून हात केला, पण तो श्वेताला.

बाहेर चंपतरावांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता हे बोलतील, आणि बोलावं असंही वाटलं.

"सर, तुम्ही म्हटलं तसंच मी बोललो," ते हळूच म्हणाले. "काहीतरी इचार असंनच तुमचा. शिकलेला माणूस उगाच नाही बोलत. आता पुढं कोठी काय बोलाचं, तेवढं आधी सांगून ठेवत जा."

मी म्हणालो, "बघू."

मंगळवारी आम्ही तिघं पासपोर्ट कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या अधिकारी बाईंनी पान उजेडात धरून पाहिलं. "ज्यांच्या हातून झालं त्यांचं लेखी निवेदन द्या," त्या म्हणाल्या. "काय झालं, कसं झालं, सगळं."

बाकावर बसून मी चंपतरावांच्या नावानं निवेदन लिहिलं. दीड पान. 'धार्मिक भावनेच्या भरात', 'अनवधानाने', 'एका द्रवपदार्थाने पुसण्याचा प्रयत्न झाला असता'. इतकं बिनचूक मी स्वतःसाठी कधी लिहिलं नाही. चंपतरावांनी वाचायचा प्रयत्न केला, दुसऱ्या ओळीत थांबले आणि म्हणाले, "चांगलंच असंन." मग एकेक अक्षर कोरत सही केली. श्वेता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. ती माझ्याशी सोमवारपासून बोलली नव्हती. बापानं गप राहा म्हटलं होतं, म्हणून ती बापाशीही फारसं बोलत नव्हती.

बाईंनी वाचलं. "यात कुणीतरी मुद्दाम काही पुसलंय असं दिसतं. हे तपासणीला जाईल. परवा या."

बुधवारी नेपाळच्या क्लबानं आम्हाला पाच गोल मारले. गार्गीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"पाच खाल्ले बाबा. श्वेतानं तीन तरी अडवले असते. तुम्ही तिथं खरं सांगितलं का?"

"प्रक्रिया सुरू आहे," मी म्हणालो.

"शाईचा डाग निघाला का?" तिनं विचारलं आणि फोन ठेवला.

लगेच विक्रमभाऊंचा आला. ते खुशीत होते. "गिरिधरराव, मानलं गा तुमाले. सोताच्या पोरीले खेळवायचा जुगाड असा जमवला का कोणाले पत्ता नाही. पाच झाले तं झाले, परदेशात झाले."

मी त्यांना सांगायला तोंड उघडलं की मी हे मुद्दाम केलं नाही. मग लक्षात आलं, काय केलं नाही हे सांगायचं तर आधी काय केलं ते सांगावं लागेल. मी म्हणालो, "कसचं काय, भाऊ." ते हसले. थोडा मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

गुरुवारी पुन्हा कार्यालय. बाकावर नंबर यायची वाट बघताना चंपतराव म्हणाले, "घरी जरा टेन्शन हाये सर. प्रेमिलानं रविवारी पोरीच्या पिशवीत देवीच्या कुंकवाची पुडी टाकली होती. तेच सांडलं म्हणते. मी सांगतलं, पासपोर्ट आपल्या घरी आलाच नोता वं. तं म्हणते, इमानतळावर पिशवीतून लागलं असंन. सोमवारपासून धड जेवून नाही राहिली. म्हणते, पोरीचं नशीब मीच पुसलं."

"पुडीनं असं होत नाही," मी म्हणालो.

"तेच मी म्हणतो. पन तिले समजावन कोन?"

नंबर लागला. बाईंनी फाइल उघडली. "चंपतराव तुम्ही ना? यात द्रवपदार्थ लिहिलंय. कोणता?"

चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडी परीक्षेत पोरगं मास्तरकडे बघतं तसं. चेहऱ्यावर भीती नव्हती. खात्री होती. उत्तर मी आधी सांगून ठेवायला विसरलो, एवढंच.

"पानी," ते म्हणाले.

"पाण्यानं लॅमिनेशन निघत नाही. नीट सांगा. काय लावलं? नाहीतर मला हे पोलिसांकडे पाठवावं लागेल."

"घासलेट असंन जी," चंपतराव म्हणाले. आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"नेलपॉलिश रिमूव्हर," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

श्वेता खिडकीच्या कडेला हात ठेवून उभी होती. ती आता माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर बापाकडे होती.

"मी पुसलं," मी म्हणालो. "कुंकूही मीच लावलं, मंडळाच्या सत्कारात. पासपोर्ट यांच्या घरी गेलाच नव्हता."

आभाळ कोसळेल असं मला चार दिवस वाटत होतं. बाईंनी पेनचं टोपण लावलं.

"मग मंगळवारी हेच लिहून द्यायचं होतं ना. सचिवाच्या ताब्यात असताना खराब झाला, मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी. तपासणीला पाठवायचं कारणच नव्हतं. आज पासपोर्ट हातात असता." त्यांनी कॅलेंडर पाहिलं. "आता सोमवार."

शनिवारचा सामना शनिवारीच होणार होता.

"सोमवार," श्वेता म्हणाली. एवढंच. मग ती जाऊन बाकावर बसली आणि बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागली.

चंपतराव खिडकीपाशीच उभे होते. सगळं समजायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण ते चार दिवस उलट्या बाजूनं समजून घेत होते.

"म्हंजे इचार काही नोता तुमचा," ते म्हणाले.

"नव्हता."

"मंग मले काहून बोलाले लावलं, सर?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. मी दीड पान लिहू शकणारा माणूस. मला एक वाक्य सुचलं नाही.

त्यांनी खिशातून फोन काढला, लावला. "प्रेमिला? आयक. तुह्यानं नाही झालं ते. पुडीबिडी काही नाही वं. नाही, मी समजूत नाही घालून राहिलो." ते थांबले, ऐकलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. "माह्यावर भरवसा नाही तिचा. मीच खोटं बोलतो म्हणते. तुम्हीच सांगा."

मी फोन घेतला.

"वहिनी, मी गिरिधर बोलतोय. मंडळाचा सचिव. ते असं झालं, की सत्काराच्या वेळी पासपोर्टवर थोडं कुंकू लागलं आणि मग ते पुसलं जात असताना—"

"कोनं लावलं?" पलीकडून विचारलं.

"मी."

"अन् पुसलं?"

"मीच."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंग पोरगी शनिवारी खेळन का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला. मी तो चंपतरावांना परत दिला. त्यांनी तो शर्टाच्या टोकानं पुसला, खिशात घातला, आणि श्वेताला म्हणाले, "चाल वं बाई. साडेबाराची बस हाये." दोघं दाराबाहेर पडली.

माझ्यामागे बाई म्हणाल्या, "अहो, सचिव. ते दोन ओळींचं पत्र."

मी बाकावर बसलो आणि कोरा कागद घेतला.