परवा ये

फोन वाजला तेव्हा बोंगछी मोहरीचा पाला धुवत बसली होती. वर्षअखेरच्या जेवणात हा पाला अख्खाच शिजवायचा. चिरला तर घरातल्या माणसांचं आयुष्य तुटतं म्हणतात. आजीनं सांगितलं, आईनं सांगितलं, सासूनं तर हातातली सुरीच काढून घेतली होती. म्हातारी झाली तरी बाईनं त्या पाल्याला कधी सुरी लावली नाही.

फोनवर लेक होती, सिऊलान.

"आई, आज येऊ का गं जेवायला?"

"आज?" बोंगछीच्या हातातला पाला बादलीत पडला. "आज कशी येशील बाई? परवा ये की. परवा लेकींचा माहेरी यायचा दिवस. तुझ्यासाठी कोंबडी राखून ठेवलीय."

"परवापर्यंत काय करू? बेकरीतलं काम बंद आहे. खोलीच्या मालकिणीकडं सुद्धा कुणी नाही."

"थोडं काहीतरी शिजवून घे."

"बरं," लेक म्हणाली. फोन ठेवला.

सिऊलानची सोडचिठ्ठी उन्हाळ्यात झाली होती. नवऱ्यानं दुसरी केली, सासरच्यांनी हिचं सामान जिन्यात आणून ठेवलं. आता लग्न झालेल्या बाईनं वर्षअखेरचं जेवण सासरी जेवायचं. माहेरच्या ताटावर त्या दिवशी तिनं बसायचं नाही. बसली तर भावाचं वाईट होतं, घरातलं धान्य सरतं. सासर मोडलेल्या बाईनं कुठं बसायचं? सगळे आपले म्हणायचे, परवा ये.

बोंगछीचा धाकटा आतोंग दारावर लाल कागद चिकटवत होता. मासळीच्या तळ्यांवर राबून राबून हाताची सालं निघालेली, पण स्वभाव लोण्याचा.

"ताईचा फोन ना? बोलाव की तिला."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"मला काय होतंय? झालंच तर या सिगारेटींनी होईल."

"थू थू! सणासुदीला तोंड बघ मेल्याचं!"

"अगं आई, कुठल्या काळात आहेस? शेजारच्या म्हातारीची लेक मागच्या वर्षी जेवून गेली. काय झालं? म्हातारीचं वजन वाढलं."

सून स्वयंपाकघरात फिदीफिदी हसली. बोंगछी हसली नाही. तिच्या नावाचा अर्थच असा होता बघा, 'असू दे, पोसू कशी तरी'. मुलगा हवा होता आणि ही झाली, म्हणून बापानं ठेवलेलं. स्वतःच्या लेकीचं नाव तिनं भांडून ठेवलं होतं, फुलावरनं. जीव होता हो लेकीवर. पण तिच्या लग्नाच्या गाडीमागं बादलीभर पाणी ओतलं तेही हिनंच. सांडलेलं पाणी परत भरता येत नाही, तशी दिलेली लेक. ओतताना रडली. रडली, पण ओतलं.

आणि भीती काही हवेतून आली नव्हती. बोंगछी पोर होती तेव्हा तिची आत्या नवऱ्याचा मार खाऊन वर्षअखेरीला माहेरी आली. आजीनं तिला बदकांच्या खुराड्याशी बसवलं. वाडगा भरून बोंगछीच्या हाती दिला आणि म्हणाली, "खाली ठेव. तिच्या हातात नको देऊ." पोरीनं तसंच केलं. पुढच्या वादळात काका समुद्रात गेला, तो आलाच नाही. गाव जन्मभर म्हणालं, बहिणीनं खाल्ला त्याला. आता ती बिचारी बदकांत बसून जेवलेली, घराचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता! पण हे कुणी बोललं नाही. बोंगछीही बोलली नाही. तिला आठवायचा फक्त वाडगा, आणि वाडगा उचलताना आत्याचे हलणारे हात.

संध्याकाळी पूर्वजांना नैवेद्य झाला, त्यांच्यासाठी कागदाच्या खोट्या नोटा जाळून झाल्या. गोल टेबलावर मधोमध हंडी खदखदायला लागली. अख्खा मासा ठेवला. तो संपवायचा नाही, नव्या वर्षाला उरला पाहिजे. नात नीनी आमानं, म्हणजे आजीनं, दिलेलं पैशांचं लाल पाकीट छातीशी धरून बसली. बाहेर कुत्रं भुंकलं.

आतोंगनं दार उघडलं. बाहेर पडवीत सिऊलान उभी. गळ्याला मफलर, हातात बेकरीची पिशवी.

"ताई! अगं आत ये, थंडीत काय उभीस?"

बोंगछी खुर्चीतून कधी उठली तिचं तिलाच कळलं नाही. दारात येऊन उभी राहिली ती नेमकी आडवी. एक हात या चौकटीला, एक त्या.

"आई, सरक," आतोंग म्हणाला.

सरकायचंच होतं तिला. आतनं जीव नुसता तुटत होता, ये गं बाई, ये, बस, खा. पण पाय जमिनीत रुतल्यासारखे.

"राहू दे रे," सिऊलान म्हणाली. "मी काही आत यायला आले नाही. या अननसाच्या वड्या द्यायच्या होत्या. नीनीला आवडतात."

आतोंगनं तिचा हात धरून ओढला. तिनं सोडवून घेतला.

"नको. उद्या तुला साधी शिंक आली तर आई माझ्याकडं बघेल. आईचं सोड, मीच स्वतःला खाईन रात्रभर."

"तूसुद्धा? शिकलेली ना तू?"

"शाळेत हे पुसून नाही काढत रे."

मग बोंगछीनं भराभरा वाडगा भरला. कोंबडीची तंगडी, माशाच्या अंड्यांचे काप, वर मोहरीचं एक अख्खं पान. वाडगा नीनीच्या हाती दिला आणि म्हणाली, "आत्याला नेऊन दे. पायरीवर ठेव. हातात नको देऊ."

बोलून गेली आणि मग तिच्या कानावर पडलं. शब्द तिचे नव्हते. आजीचे होते, जसेच्या तसे. तिनं पोरीला हाक मारायला तोंड उघडलं, पण नीनी पोचली होती. वाडगा नीट, दोन्ही हातांनी पायरीवर ठेवला होता.

सिऊलान आतोंगच्या स्कूटरच्या सीटवर टेकून जेवली. पान न तोडता खाल्लं, लहानपणी शिकवलं होतं तसं.

"मीठ कमी झालंय, आई."

"तुझ्या बापाला बीपी झालं तेव्हापासनं कमीच घालते."

"बाप जाऊन पाच वर्षं झाली."

"हात काय ऐकतो का बाई?"

दोघी हसल्या. उंबऱ्याच्या अलीकडून एक, पलीकडून एक. सिऊलाननं वाडगा बाहेरच्या नळावर धुतला, पायरीवर पालथा घातला.

"चल, शेवटची बस जाईल. परवा येते."

परवाच्या दिवशी बोंगछीनं कोंबडी कापली, आल्याचं गरम सूप केलं, सिऊलानची खुर्ची पुसून ठेवली. दुपार उलटली तेव्हा फोन लावला.

"दुकान उघडलंय गं आई. रजा नाही मिळाली. पुढच्या वर्षी बघू."

मागनं दुकानाचा काही आवाज येत नव्हता. नुसता टीव्ही लागलेला, एकट्या माणसाच्या खोलीत लागतो तसा.

सूपवर चरबीचा थर धरला. आतोंग न जेवताच तळ्यावर निघून गेला. बोंगछी त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून राहिली. जमिनीवर नीनी खेळत होती. शिंपल्यांची ताटं मांडली होती, भोवती बाहुल्या बसवल्या होत्या. एक बाहुली मात्र लांब, दाराच्या चौकटीपाशी, भिंतीकडं तोंड करून.

"ती का गं तिकडं?"

"तिचं लग्न झालंय ना, आमा. ती परवा येणार."

बोंगछी गुडघ्यांवर हात टेकून कशीबशी खाली बसली. सरकत सरकत गेली, बाहुली उचलली आणि ताटापाशी आणून ठेवली, इतर बाहुल्यांच्या मध्ये. "आजच येऊ दे तिला. बसू दे."

नीनीनं मान हलवली. म्हाताऱ्या माणसाला समजावतात तसं हळू म्हणाली, "नाही आमा. मग बाबांना काहीतरी होईल."

आणि बाहुली उचलून तिनं परत उंबऱ्यापाशी नेऊन ठेवली.